सुपरहिरोचा स्वभाव नेमका कोणी बदलला? माग काढण्याची पायरीवार पद्धत

‘बॅटमॅन मुळात कोणाचा जीव घेत नाही, आणि त्याला काळोखात ढकललं ते लेखक-चित्रकार फ्रँक मिलरनं.’ कॉमिक्सवर वाद रंगला की हे वाक्य कोणीतरी टाकतंच. त्याचा पहिला अर्धा भाग चूक आहे आणि दुसरा अर्धवट. १९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात, म्हणजे पहिल्याच कथेत, बॅटमॅनच्या ठोशानं एक गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो आणि बॅटमॅनच्या मते अशांचा शेवट असाच व्हायला हवा. साठच्या दशकातला गमत्या बॅटमॅन पुन्हा रात्रीत नेला तो लेखक डेनी ओनील आणि चित्रकार नील ॲडम्स या जोडीनं, १९७० मध्ये. मिलरचं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आलं १९८६ मध्ये.

अशा चुकांमागे माहितीची कमतरता असते, पण त्याहून जास्त असतो उलटा क्रम. लोक आधी मोठं नाव पकडतात आणि मग त्या नावाला शोभेल असा बदल पानांत शोधत बसतात. पुढची पद्धत याच्या उलट चालते: आधी पान, मग नाव, शेवटी निष्कर्ष. लेख लिहायचा असो, व्हिडिओ करायचा असो की नुसता वाद घालायचा असो, पायऱ्या याच आणि याच क्रमानं.

## तयारी: प्रश्न लहान करा, प्रवाह ठरवा

‘सुपरमॅन कसा बदलत गेला’ हा प्रश्न हाताळताच येत नाही. एक पात्र घ्या आणि त्याचा एकच गुण घ्या. उदाहरणार्थ: खरा माणूस कोण आणि सोंग कोणतं, क्लार्क की सुपरमॅन? याचं उत्तर चौकटीवर बोट ठेवून देता येतं. अनेक दशकं बावळट क्लार्क हे सुपरमॅननं घेतलेलं सोंग होतं. १९८६ मध्ये जॉन बर्ननं ‘द मॅन ऑफ स्टील’मध्ये हे उलटवलं. क्लार्क हाच खरा माणूस झाला, त्याचे पालक जिवंत राहिले आणि निळा-लाल पोशाख हे कामावरचं रूप ठरलं.

गुण निवडताना विशेषणं टाळा. ‘काळवंडलेला’, ‘खोल’, ‘प्रगल्भ’ हे शब्द मोजता येत नाहीत. जीव घेतो का, मदत मागतो का, घाबरल्यावर विनोद करतो का, पैशाशी कसा वागतो, अशा कृती घ्या.

मग प्रवाह ठरवा. मुख्य मालिका, समांतर विश्व, सिनेमा आणि दूरचित्रवाणी मालिका हे वेगवेगळे प्रवाह आहेत. मार्क मिलार आणि ब्रायन हिच यांच्या २००२ च्या ‘द अल्टिमेट्स’मधला कॅप्टन अमेरिका हा १९४१ पासून चालत आलेला माणूस नाही, समांतर विश्वातला दुसरा आहे. त्याचं वागणं पहिल्याच्या खात्यावर टाकू नका. बॅटमॅन-सुपरमॅनची प्रकाशनसंस्था डीसीनं १९८५-८६ आणि २०११ मध्ये बराच पसारा नव्यानं मांडला. या रेषेपलीकडे दिसणारा फरक हा पात्राचा प्रवास नसतो, बऱ्याचदा तो प्रकाशकाचा निर्णय असतो.

सावधान: सिनेमातलं पात्र डोक्यात ठेवून जुने अंक वाचलेत तर नटाचा आवाज फुग्यातल्या संवादाला चिकटतो. बोचरा संवाद मिश्कील वाटायला लागतो. हे टाळायला वाचन सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: हा गुण मला कुठून ठाऊक आहे?

## पायरी १: अंकांची आणि माणसांची यादी

अंकाचा क्रमांक, मुखपृष्ठावरचा महिना, लेखक, पेन्सिलचित्रकार, शाईकार (पेन्सिलच्या रेषांवर शाई फिरवणारा), संपादक. एवढे रकाने पुरतात. संपादकाचा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत आणि नेमके तिथेच फसतात. का, ते चौथ्या पायरीत येईल.

तीन खड्डे आहेत. पहिला तारखेचा. अमेरिकन कॉमिकच्या मुखपृष्ठावरचा महिना विक्रीच्या महिन्याच्या साधारण दोन-तीन महिने पुढचा असायचा. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून १९३८ छापलंय, पण तो एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. शिवाय कथा त्याआधी काही महिने लिहिलेली असते. ‘अमुक घटनेचा परिणाम म्हणून हे पात्र बदललं’ असं लिहिण्यापूर्वी हा हिशेब करा. कित्येक ‘परिणाम’ कारणाच्या आधीच छापून झालेले निघतात.

दुसरा श्रेयाचा. बॅटमॅनच्या कथांवर वर्षानुवर्षं बॉब केनची सही असे, आतली चित्रं शेल्डन मोल्डॉफ किंवा डिक स्प्रँगची असली तरी. बिल फिंगरला बॅटमॅनच्या निर्मितीचं अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडलं. जुन्या पानावरची सही हा पुरावा धरू नका.

तिसरा पुनर्मुद्रणाचा. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता. नंतरच्या पुनर्मुद्रणांत त्याला हिरवा रंगवलं गेलं. रंगच बदलला असेल तर मूळ अंकाचा ठसा तुमच्यापर्यंत पोचलेलाच नाही. शक्य तिथे मूळ अंकाची पानं पाहा.

## पायरी २: नमुन्याचे अंक निवडा

गाजलेल्या कथाच वाचून निष्कर्ष काढणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. गाजलेली कथा गाजते ती बहुधा पात्र नेहमीपेक्षा वेगळं वागल्यामुळे. संकटातला माणूस पाहून त्याचा रोजचा स्वभाव सांगू नये.

प्रत्येक निर्मात्याच्या कारकिर्दीतून निदान चार अंक घ्या: सुरुवातीचा एक, पण पहिलाच नको, कारण नवा लेखक त्यात पाहुण्यासारखा जपून वागतो, मधला एक साधा, ज्यात जगबुडी येत नाही, शेवटचा एक, आणि त्याच काळात हे पात्र दुसऱ्याच्या मालिकेत पाहुणं म्हणून आलं असेल असा एक. हा चौथा फार उपयोगाचा. बदल एकट्या लेखकाच्या मालिकेपुरता आहे की बाकीच्यांनीही मानलाय, हे त्यातून लगेच दिसतं.

आणि आधीच्या लेखकाचे शेवटचे तीन अंक वाचल्याशिवाय ‘हे यानंच सुरू केलं’ असं कधीच लिहू नका. डेअरडेव्हिल या सुपरहिरोच्या काळोखाचं सगळं श्रेय मिलरला देऊन टाकतात. मिलर १९७९ मध्ये १५८व्या अंकापासून तिथे चित्रकार म्हणून आला. लेखनाची सूत्रं त्याच्याकडे आली १६८व्या अंकापासून, १९८१ मध्ये. मधल्या काळात लेखक होता रॉजर मॅकेन्झी, आणि बेन युरिक हा पिच्छा न सोडणारा वार्ताहर त्यानं जीन कोलनबरोबर १९७८ मध्येच आणला होता. मिलरनं पुढे जे केलं ते मोठंच आहे, पण जमीन आधीच नांगरलेली होती.

## पायरी ३: नावं झाकून वाचा आणि कृती नोंदवा

श्रेयाची चौकट कागदानं झाका. ऑनलाइन वाचत असाल तर पहिलं पान ओलांडून पुढे जा. मग प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगासाठी चार गोष्टी लिहा: पात्रासमोर कोणते पर्याय होते, त्यानं कोणता निवडला, किंमत कोणी मोजली, आणि नंतर त्याला काय वाटलेलं दाखवलंय.

नमुना म्हणून ‘अनकॅनी एक्स-मेन’चा १५०वा अंक, १९८१. एक्स-मेन या संघाचा शत्रू मॅग्नेटो जगाला वेठीस धरतो, एक पाणबुडी बुडवतो, आणि लढाईत संघातल्या किटी प्राइडवर वार करतो. ती मेली असं त्याला वाटतं. ती लहान मुलगी आहे हे लक्षात येताच तो कोसळतो. आपलं बालपण आणि ऑशविट्झ आठवतो, आणि लढाई सोडून देतो. नोंद अशी होईल: पर्याय – जिंकणं किंवा थांबणं, निवड – थांबणं, किंमत – त्याची सगळी योजना, नंतर – पश्चात्ताप, तोही शत्रूसमोर. १९६३ च्या पहिल्या अंकातल्या मॅग्नेटोशेजारी ही नोंद ठेवली की ‘खलनायकाला भूतकाळ दिला’ या ढोबळ वाक्यापेक्षा कितीतरी नेमकं काही हाती लागतं. फक्त भूतकाळ दिलेला नाही, त्या भूतकाळामुळे त्याची कृती बदललीय.

नोंदताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: पात्र काय करतं, पात्र स्वतःबद्दल काय बोलतं, आणि इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात. दुय्यम पात्रांच्या तोंडून ‘तू पूर्वीसारखा राहिला नाहीस’ असं वदवून घेणं हा आळशी लेखकाचा हमखास उपाय आहे. कृती तीच असेल तर बदल झालेला नाही.

सावधान: फुग्यांची फॅशन स्वभाव म्हणून वाचू नका. साठ-सत्तरच्या दशकांत विचारांचे ढगाळ फुगे भरपूर असायचे. स्पायडर-मॅन, म्हणजे पीटर पार्कर, तोंडानं टवाळी करतो आणि त्याच चौकटीत मनात घरभाड्याची आणि मे काकूची काळजी करतो. पुढे हे फुगे मागे पडले. तेच पात्र, तीच टवाळी, पण काळजी दिसेनाशी झाली. वाचक म्हणतो, ‘पीटर उथळ झाला.’ पीटर होता तिथेच आहे, फक्त त्याच्या डोक्यात डोकवायची खिडकी बंद झालीय.

## पायरी ४: काम कोणी केलं ते वाटून पाहा

आता कागद काढा आणि नावं वाचा. सर्वात जास्त वेळ इथे द्या.

बदल पानावर कोणत्या रूपात आलाय ते पाहा: संवादात, देहबोलीत, की कथेच्या निकालात. संवादातला बदल बहुधा लेखकाचा. देहबोलीतला चित्रकाराचा. कथेच्या निकालात, म्हणजे कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, कोणाला शिक्षा झाली यांत, संपादकाचा हात असण्याची शक्यता बरीच.

आधी चित्रकार. ग्रीन ॲरो हे १९४१ पासूनचं पात्र, बराच काळ बॅटमॅनची फिकी नक्कल. १९६९ मध्ये ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’च्या ८५व्या अंकात नील ॲडम्सनं त्याला नवा पोशाख आणि टोकदार दाढी दिली. लेखक होता बॉब हेनी. त्याच वर्षी ओनीलनं ‘जस्टिस लीग’मध्ये त्याची संपत्ती काढून घेतली, आणि १९७० मध्ये ‘ग्रीन लँटर्न’च्या ७६व्या अंकापासून तो गरिबांच्या बाजूनं भांडणारा, तापट माणूस झाला. क्रम लक्षात घ्या. आधी चेहरा बदलला, मग त्या चेहऱ्याला शोभेल असा स्वभाव आला. नुसती लेखकांची यादी पाहणाऱ्याला हा दुवा सापडणार नाही.

चित्रकाराच्या एका चौकटीनं पात्र कायमचं डागाळल्याचं उदाहरण म्हणजे ‘ॲव्हेंजर्स’ संघातला हँक पिम. ‘ॲव्हेंजर्स’चा २१३वा अंक, १९८१. पिम पत्नी जॅनेटला मारतो. लेखक जिम शूटरनं नंतर सांगितलं की चिडून हात उडवताना तिला चुकून लागतो असं त्याला अपेक्षित होतं. बॉब हॉलच्या चित्रात तो सरळ ठोसा झाला. पटकथेत काहीही असो, छापलं गेलं ते चित्र, आणि पुढच्या लेखकांनी गेली कित्येक दशकं त्या चित्रालाच उत्तरं दिली. हेतू आणि पान यांत फरक पडला तर पान धरा, हेतू वेगळ्या ओळीत नोंदवा.

स्पायडर-मॅन, हल्क, एक्स-मेन यांची प्रकाशनसंस्था मार्व्हल हिच्या साठच्या दशकातल्या अंकांत आणखी एक गुंता आहे. तिथे अनेकदा लेखक आणि चित्रकार कथेवर थोडं बोलत, चित्रकार अख्खा अंक काढत असे आणि मग लेखक संवाद भरत असे. म्हणजे ‘लेखक: स्टॅन ली’ याचा अर्थ कथानक लीचंच असा होत नाही. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’मध्ये १९६५ पासून कथानकाचं श्रेय स्टीव्ह डिटकोच्या नावावर छापूनही येऊ लागलं. डिटको ३८व्या अंकानंतर, १९६६ मध्ये गेला आणि प्रेमकथांच्या कॉमिक्सवर हात बसलेला जॉन रोमिटा आला. पीटर देखणा झाला, मित्रांत मिसळू लागला.

इथेच एक चूक नेहमी होते. पीटरचं कॉलेज आणि तिथली ग्वेन स्टेसी रोमिटाच्या खात्यावर टाकली जातात. दोन्ही आली ३१व्या अंकात, डिटकोच्याच काळात. मे काकू आजारी असल्यामुळे पीटर तिथे कोणाशी धड बोलत नाही आणि वर्गातली मुलं त्याला शिष्ट समजतात. रोमिटाच्या काळात पात्रं तीच, कॉलेज तेच, पण पीटरचा त्यांच्यातला वावर मोकळा झाला. अशी नोंद केलीत तर कोणाचं काय ते स्वच्छ दिसतं.

आता संपादक. १९८० मध्ये ‘एक्स-मेन’च्या १३७व्या अंकात जीन ग्रे मरते. लेखक क्रिस क्लेरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांच्या मूळ शेवटात ती वाचते, फक्त तिची शक्ती काढून घेतली जाते. मुख्य संपादक शूटरचं म्हणणं पडलं की अख्खी वसाहत असलेला ग्रह नष्ट करणाऱ्या पात्राला एवढ्यावर सोडता येणार नाही. शेवट बदलला. मूळ शेवट पुढे १९८४ मध्ये स्वतंत्र छापला गेला, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. हा अभ्यास एकदा तरी कराच. स्वतःचा शेवट स्वतः निवडणारी जीन आपल्याला क्लेरमाँटची वाटते, पण ती निवड करायची वेळ तिच्यावर आली संपादकामुळे.

स्पायडर-मॅनचं लग्न १९८७ मध्ये झालं आणि २००७ च्या ‘वन मोअर डे’मध्ये पुसलं गेलं. लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की होता. शेवट आपल्याला मान्य नव्हता, असं त्यानं उघड सांगितलं. निर्णय मुख्य संपादक जो केसाडाच्या बाजूचा होता. ‘स्ट्रॅझिन्स्कीचा पीटर लग्न सोडून देतो’ हे वाक्य म्हणूनच अन्यायाचं आहे.

पडताळा: प्रत्येक बदलापुढे एकच नाव आलं असेल तर काहीतरी सुटलंय. परत जा.

## पायरी ५: बदलाचा प्रकार ओळखा

तीन प्रकार वेगळे करा.

कथेत घडलेला बदल: वाचकाच्या डोळ्यांसमोर काही होतं आणि पात्र बदलतं. २०११ मध्ये मार्क वेडनं डेअरडेव्हिल एकदम हसरा केला. वरवर पाहता हा नुसता सूरबदल. पण पहिल्याच अंकात मॅट मरडॉक (डेअरडेव्हिलचं खरं नाव) आपला मित्र फॉगीला सांगतो की आपण दुःखात इतके खोल गेलो होतो की आता ठरवून असं वागतोय. हसणं ही त्याची ढाल आहे. पुढे क्रिस सॅमनीच्या चित्रांतल्या अंकांत त्याचं नैराश्य उघडंच पडतं. मागचं काहीही न पुसता पात्राला वळण देण्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

रेटकॉन: आज काही घडत नाही, कालचा अर्थ बदलतो. १९८५ मध्ये ‘हल्क’च्या ३१२व्या अंकात बिल मँट्लोनं ब्रूस बॅनरला, म्हणजे हल्कमागच्या माणसाला, मारहाण करणारा बाप दिला. त्या दिवसापासून १९६२ चा रागही वेगळा वाचला जाऊ लागला, आणि पीटर डेव्हिडनं १९८७ पासून पुढची अकरा-बारा वर्षं त्या पायावर बांधकाम केलं. सर्वात चलाख रेटकॉन मात्र स्टीव्ह एंगलहार्टचा. कॅप्टन अमेरिका १९४५ पासून बर्फात होता असं १९६४ मध्ये ठरलं; मग १९५३-५४ च्या अंकांत कम्युनिस्टांना झोडपणारा कोण? १९७२ मध्ये एंगलहार्टनं उत्तर दिलं: तो दुसराच माणूस होता. स्वभावातली विसंगती त्यानं थेट वेगळं पात्र करून टाकली.

पुसणं किंवा विसरणं: पुढचा लेखक दखलच घेत नाही. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, पण रकाना ठेवा, कारण संख्येनं हेच जास्त असतं.

## पायरी ६: बदल टिकला का ते पाहा

निर्माता गेल्यावर पुढच्या दोन लेखकांचे अंक काढा. मँट्लोनं बॅनरला दिलेला बाप टिकला. १९६८ मध्ये वंडर वुमनची शक्ती काढून तिला साध्या माणसासारखं लढायला लावलं, ते १९७३ मध्ये गुंडाळलं गेलं. ग्रँट मॉरिसननं ‘न्यू एक्स-मेन’च्या शेवटाकडे मॅग्नेटोला नरसंहार करणारा वेडा केला, २००४ मध्येच क्लेरमाँटच्या ‘एक्सकॅलिबर’मध्ये खरा मॅग्नेटो जिवंत निघाला आणि तो दुसराच कोणी ठरला.

मॉरिसनचं लेखन वाईट होतं असा याचा अर्थ नाही. मला तर त्याचा मॅग्नेटो जुन्या, थकलेल्या क्रांतिकारकाचं कडवट पण खरं चित्र वाटतो. पण न टिकलेला बदल हा त्या लेखकाबद्दल सांगतो, पात्राबद्दल नाही. लेखात तो त्याच रकान्यात जायला हवा.

## पायरी ७: दावा लिहा, मग त्याच्या विरुद्धचा अंक शोधा

चुकीचं वाक्य: ‘क्लेरमाँटनं मॅग्नेटोला नायक केलं.’

चालणारं वाक्य: ‘१९८१ पासून क्लेरमाँट आणि त्याच्या चित्रकारांनी मॅग्नेटोच्या क्रूरतेला छळछावणीचा भूतकाळ जोडला आणि त्याला थांबता येतं हे कृतीतून दाखवलं, मॉरिसननं हे नाकारलं, पण ते नाकारणं टिकलं नाही.’

दुसऱ्या वाक्यात काळ आहे, माणसं आहेत, कृती आहे आणि पुढे काय झालं तेही आहे. यातली एक जरी गोष्ट तुमच्या वाक्यात नसेल तर तिच्या पायरीवर परत जा.

निर्मात्यांच्या मुलाखती इथे, अगदी शेवटी वाचा. आधी वाचल्या तर तिसऱ्या पायरीत तुम्ही त्यांच्याच डोळ्यांनी वाचाल. वीस-तीस वर्षांनी दिलेल्या मुलाखतीत प्रत्येकाला आपला वाटा थोडा मोठाच आठवतो. मुलाखत आणि छापील श्रेय जुळत नसेल तर दोन्ही लिहा, निवाडा वाचकावर सोडा.

मग त्याच कारकिर्दीतला एक असा अंक शोधा जिथे पात्र तुमच्या दाव्याच्या उलट वागतं. तो बहुतेक वेळा सापडतो, कारण मासिक दर महिन्याला निघतं आणि नेहमीच्या लेखकाचा अंक वेळेत तयार नसेल तर पाहुणा लेखकही येतो. पाहुण्यानं लिहिला असेल तर तसं सांगून पुढे जा. मुख्य लेखकानंच लिहिला असेल तर दावा आकुंचित करा, आणि तो अंक त्याच्या क्रमांकासह लेखात द्या.